रत्नागिरीच्या तांडेलकाकांना, सोलापुरातून

आदरणीय तांडेलकाका,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं बरं, जेवलास का?" म्हणून विषय मोडता. म्हणून लिहून सांगतोय, आणि चारचौघांत सांगतोय. आमच्याकडचे गळ टाकणारे बरेच जण हल्ली कोकणात जाऊन समुद्रात एक रात्र काढायची म्हणताहेत. जायचं तर कशा माणसाच्या हाताखाली जावं, हे त्यांनाही कळू दे.

आमचं पाणी म्हणजे हिप्परग्याचा तलाव, नाहीतर उजनीचा फुगवटा. मरळ, वाम, कटला, चिलापी. कुठंही बसलं तरी काठ डोळ्यासमोर असतो. समुद्र आमच्यापासून साडेतीनशे किलोमीटरच्या पलीकडं, आंबा घाट उतरल्यावर. असल्या माणसाला कुप्याच्या, म्हणजे ट्यूना माशाच्या, मासेमारीला रात्रभर बरोबर न्यायचं म्हणजे खलाशांना एक जादा ओझंच. तरी तुम्ही हो म्हणालात. एवढंच नाही, तारीखही तुम्हीच पाहून दिलीत, अमावास्येला लागून. चांदणं पडलं की माशाला जाळं दिसतं, अंधाऱ्या रात्री तो सरळ येऊन अडकतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

बंदरावर आधार कार्डाची नोंद होईपर्यंत तुम्ही मला बोटीवर पाय ठेवू दिला नाहीत. मग लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघितलेत, वायरलेस कुठं आहे ते दाखवलंत, तटरक्षक दलाचा 1554 नंबर माझ्याकडून पाठ म्हणून घेतलात. आणि एक सक्त ताकीद दिलीत: रात्री लघवीला कडेला एकट्यानं जायचं नाही, कुणालातरी हाक मारायची. बाकी सगळं कुठंतरी वाचायला मिळेल, पण हे वाक्य ज्यानं दर्यावर आयुष्य घालवलंय तोच सांगणार.

रत्नदुर्गाजवळच्या दीपगृहाचा उजेड मागं बारीक होत गेला आणि मला बोट लागली. पोटात काही राहीना. खलाशांपैकी एकही जण हसला नाही, हे मी विसरणार नाही. तुम्ही मला इंजिनाच्या धुरापासून उठवून बोटीच्या मध्यावर बसवलंत, तिथं हेलकावा कमी लागतो म्हणून. आल्याचा तुकडा दाढेखाली धरायला दिलात, कोरडी भाकरी थोडी थोडी खायला लावलीत. "पायाखाली बघू नको, लांब बघ." लांब बघायला होतं काय, दुसऱ्या एका बोटीचा दिवा. पण त्याच्यावर नजर धरली आणि तासाभरात माणसात आलो. पाणी तीस वाव खोल, म्हणजे एकशेऐंशी फूट, असं तुम्ही सांगितलंत तेव्हा मला भीती वाटली नाही. तुम्ही सुकाणूवर होता म्हणून.

जाळी सांजेलाच टाकली होती. मला वाटलं आता उजाडेपर्यंत झोप. तुम्ही मध्यरात्रीच ओढायला घेतलीत. का, ते दोरी ओढता ओढता सांगितलंत: कुपा थांबला की मेला. तो तोंड उघडं ठेवून सारखा पोहत राहतो तेव्हाच त्याच्या कल्ल्यांतून पाणी वाहतं आणि त्याला श्वास मिळतो. जाळ्यात अडकला की गुदमरतो, आणि मेलेला मासा कोमट पाण्यात लटकत राहिला की सकाळपर्यंत त्याची किंमत जाते, खाणाऱ्याचंही नुकसान होतं. थोडी झोप वाचवण्यासाठी मासा वाया घालवायचा नाही, हा तुमचा हिशोब. त्या रात्री कुणीच धड झोपलं नाही.

पहाटे मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडं वाहणारा, वारा सुटला, थंडी वाजायला लागली, आणि पुढं पाण्यावर पक्षी तुटून पडताना दिसले. खाली बारीक माशांचा थवा, त्याच्या मागं कुपे. तुम्ही माझ्या बोटांना रबराची पट्टी गुंडाळलीत आणि चालत्या बोटीमागं सोडलेली दोरी माझ्या हातात दिलीत. झटका बसला तेव्हा खांदा निखळतो की काय असं झालं. तलावातली मरळ कितीही दांडगी असली तरी ती गाळात, झाडोऱ्यात घुसते. हा सरळ खोल गेला, पुन्हा पुन्हा गेला. तुम्ही दोरीला हात लावला नाहीत. फक्त म्हणत होता, "सोड, सोड... आता घे."

चारेक किलोचा असेल. पाठीवर निळ्या-काळ्या वाकड्या रेघा, पोट चांदीसारखं. मला फोटो काढायचा होता. तुम्ही म्हणालात, फोटो मागनं, आधी त्याला थंड कर. हात लावून बघायला लावलंत. तो खरंच गरम होता! कुप्याच्या अंगात ऊब असते आणि झुंजीत ती आणखी वाढते. मग डोक्यावर एक नेमका घाव, कल्ल्याजवळ चीर, रक्त वाहून जाईपर्यंत समुद्राच्या पाण्यात. कल्ले आणि आतडी काढून पोटात चुरलेला बर्फ गच्च भरलात आणि बर्फ-पाण्याच्या टाकीत बुडवलात. नुसत्या बर्फापेक्षा त्या गार पाण्यात तो लवकर थंड होतो, कारण पाणी चारही बाजूंनी लागतं. कुपा उन्हात राहिला तर त्याच्या मांसात हिस्टामाइन तयार होतं आणि ते शिजवून जात नाही, मग खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. हे सगळं तुम्ही हात चालू ठेवून सांगत होता, आणि दुसरा मासा मला करायला दिलात.

तो मासा तसाच बर्फात सोलापूरला आला. वाटेत मिरजेला आणि मंगळवेढ्याला बर्फ बदलला, तुम्ही बजावलं होतं तसं. घरी कापला तेव्हा मांस लालभडक आणि घट्ट होतं, वास फक्त समुद्राचा. आईनं अर्ध्याचं आपल्या काळ्या तिखटातलं कालवण केलं, अर्ध्याचं काकूंनी दिलेली तिरफळं आणि आमसुलं घालून. शेजारच्या दोन घरांत वाट्या गेल्या. तिरफळाचं कालवण आधी संपलं, हे काकूंना आवर्जून सांगा.

आता बाजारात पत्र्यावर उन्हात पडलेला मासा दिसला की मी पुढं जातो, आणि विकणाऱ्याला बर्फाचं विचारतो. परवा एकानं खोका उघडून दाखवला, त्याच्याकडूनच घेतला.

तुम्ही डिझेलचे पैसेसुद्धा पुरते घेतले नाहीत. ते मी पुन्हा काढणार नाही, तुम्हाला राग येतो. पण संक्रांतीला आमच्याकडं गड्ड्याची यात्रा असते. नंदीध्वजांची मिरवणूक, सिद्धेश्वरांचा अक्षता सोहळा, सगळं शहर रस्त्यावर असतं. तुम्ही आणि काकू या. त्या दिवसांत समुद्रावर जायचं असेल तर मागाहून या, पण या. हिप्परग्याच्या काठावर मी तुम्हाला गळ टाकायला बसवतो. मरळ कशी लागते ते मात्र मी सांगणार. खलाशांसाठी चादरी आणि शेंगाचटणी बांधून ठेवली आहे, ती एस.टी.नं पाठवू की तुम्ही येऊन नेता, एवढं फोनवर कळवा.

आपला,
बाळीवेस, सोलापूर