बाबा, गाळात एकटे उतरू नका

परळ, मुंबई

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

दादानं फोटो पाठवला. चिलापीची फाटकी जाळी, भेगाळलेला गाळ, त्यातून वर आलेली जुन्या रेल्वेमार्गाची काळ्या घडीव दगडांची मोरी, आणि मोरीवर बाबा. हातात काठी, पाय अनवाणी. फोटो झकास आलाय. पण आधी भांडण.

उजनी धरणाचा गाळ वरून टणक दिसतो आणि खाली नुसती दलदल असते, हे आम्हाला तुम्हीच शिकवलंत ना? पोरं पाण्याकडे गेली की काठी घेऊन मागे धावायचात. आता सत्तरी उलटल्यावर, साखर असताना, कुणाला न सांगता उतरायचं म्हणजे काय? आणि आई, तू म्हणे भाकरी बांधून दिलीस! तुझ्याशी फोनवर वेगळं बोलते.

ऑफिसात तो फोटो दाखवला. सगळ्यांचा एकच प्रश्न, धरणात रेल्वे कशी? मग मी सुरूच झाले. पुण्याहून बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आपल्या कुर्डुवाडीपर्यंत, गाडी 1859 मध्ये आली आणि 1860 मध्ये सोलापूरला पोचली. बोरघाटातला मार्ग सुरू झाला 1863 मध्ये. तोवर मुंबईची माणसं खोपोलीला उतरून पालखीतून नाहीतर तट्टावरून घाट चढायची आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायची. म्हणजे मुंबईचे रूळ जोडले जायच्या आधीच आपल्या माळावर इंजिनाची शिट्टी वाजत होती! मुंबईकरांना हे ऐकवताना मला जरा जास्तच मजा येते.

पण पुढचं कुणाला पटकन कळत नाही. दर उन्हाळ्यात मोरी का दिसत नाही? उजनीत एकूण 117 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातला 63 टीएमसीच्या वर मृतसाठा. धरण शून्य टक्के झालं असं पेपरात येतं तेव्हाही एवढं पाणी तळाशी असतंच. धरण खोल मायनसमध्ये गेलं, म्हणजे हा मृतसाठाही बराच आटला, 2024 ला आटला होता तसा, की मगच पळसदेवचं देऊळ उघडं पडतं आणि जुन्या खुणा वर येतात. इथे जूनमध्ये सगळे तानसा-भातशाचे आकडे बघतात, मी आधी उजनीचा बघते.

बाबा, तुमचा तो टोमणाही सांगितला. 1966 मध्ये धरणाचं काम निघालं, 1980 मध्ये पुरं झालं. मधल्या काळात गाडीसाठी उंचावरून नवा मार्ग झाला, जुने रूळ उचलून नेले, राहिला तो भराव आणि मोऱ्या. "गाडीचं पुनर्वसन वेळेवर झालं, आपलंच रेंगाळलं," असं तुम्ही म्हणता. सगळे हसले. मला मात्र ते पत्र्याचं शेड आठवलं आणि आई सांगते ती टँकरची रांग.

डिकसळचा पूल तेवढा वर राहिला. बांधला आगगाडीसाठी, आणि पुढे कित्येक वर्षं त्यावरून उसाच्या ट्रॉल्या गेल्या. तो मी पाहिलाय. पोमलवाडीचं स्टेशन मात्र मला फक्त तुमच्या तोंडून माहीत. तेही तुकड्यातुकड्यांत. गिरणीत लागलात तेव्हा तिथूनच गाडीत बसलात, आजीनं डब्यात शेंगाचटणी दिली होती, एवढंच. फलाट गावाच्या कुठल्या अंगाला होता? इंजिनाला पाणी तिथे भरायचे का? गँगमन लोकांची घरं कुठे गेली? शेवटची गाडी गेली तेव्हा माणसं बघायला जमली होती, की त्या दिवशी सगळे घराची दारं-चौकटी काढण्यात गुंतले होते?

एक कोरी वही पाठवतेय. रोज पान भरलंच पाहिजे असं नाही. नकाशा काढा, बाण करा, अक्षर वाकडं आलं तरी चालेल. आईला विचारून लिहा, कारण माणसांची नावं तिलाच आठवतात आणि तुमची स्टेशनं नेहमी मागेपुढे होतात.

मोरी बघायचीच आहे ना? मी येते. शुक्रवारी रात्री सिद्धेश्वरनं निघते, पहाटे कुर्डुवाडीला उतरते. ती गाडी पाण्याजवळून जाते तेव्हा बाहेर अंधार असतो, त्यामुळे खिडकीतून मला आजवर काही दिसलेलंच नाही. शनिवारी दादाच्या गाडीनं, रस्त्यानं जाऊ. बोटीचं नाव काढू नका. 2024 च्या मेमध्ये कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळात उलटली, सहा जीव गेले. तेव्हा आई रात्रभर जागी होती, ते मी विसरले नाहीये.

दादाला कुर्डुवाडीला पाठवा, तुम्ही स्वतः येऊ नका. बाबांसाठी रबरी बूट घेतलेत, आठ नंबरचे, बसतील ना? आणि आई, मासे नकोत, हुलग्याचं माडगं कर.

तुमची लेक,
सुमन