पद्मिनीच्या मागच्या ब्रेकचा सिलिंडर: मीच परत केलेला पार्ट मलाच ‘बदलून’ पाठवल्याबद्दल

मुंबई, 22 जुलै

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

आज सकाळी तुमच्या ग्राहक सेवेला सहावा फोन केला. सातवा करणार नाही, म्हणून हे पत्र.

गाडी प्रीमियर पद्मिनी, 1986 ची, वडिलांनी घेतलेली. तुमच्या साइटवर तिचा फोटो आहे, तेव्हा ती काय चीज आहे हे तुम्हाला माहीत असणार. चारही चाकांना ड्रम. डिस्क एकालाही नाही. मागचा डावा व्हील सिलिंडर (ब्रेक दाबला की ऑइलच्या जोरावर शू, म्हणजे ब्रेकच्या कमानी, ड्रमवर दाबणारा) गळायला लागला आणि ब्रेक ऑइलने शूंवरचं लायनिंग भिजलं. केम्प्स कॉर्नरच्या उतारावर ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढायची. शूचा प्रश्न नव्हता, जुन्या शूंवर नवं लायनिंग रिव्हेट मारून घेतलं. सिलिंडर मात्र आतून गंजून खड्डे पडलेला. नुसतं रबर किट बदलून भागणार नव्हतं.

टॅक्स्या होत्या तोवर हा पार्ट कुठल्याही गॅरेजच्या खोक्यात सापडायचा. 30 ऑक्टोबर 2023 ला पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तेव्हापासून माझ्या ओळखीच्या दुकानदारांनी हा माल ठेवणंच सोडलं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दोन शनिवार हिंडलो. ज्या कुर्ल्यात गाडी बनली त्याच कुर्ल्यात तिचा सिलिंडर मिळेना, म्हणून तुमच्या दारात आलो.

12 जूनला पार्सल आलं. डब्यावर ‘पद्मिनी, मागचा’ छापलेलं, आत भलताच सिलिंडर. पाइपचं नट दोन आटे जाऊन अडकतं. बोअर, म्हणजे आतलं भोक, जुन्यापेक्षा मोठा. तुम्ही ब्रेकचे पार्ट विकता, तुम्हाला सांगायला नको, तरी सांगतो: मागे मोठा बोअर बसवला की मागचे शू गरजेपेक्षा जोरात दाबले जातात, ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडीचं बूड फिरतं. मुंबईत पाऊस पडतो. चुकून कुणाच्या गाडीला बसू नये म्हणून आमच्या मिस्त्रींनी त्या सिलिंडरवर काळ्या मार्करने फुली मारली आणि मी तो परत पाठवला. परतीच्या कुरियरचे 180 रुपये तुम्ही माझ्याकडूनच घेतलेत.

3 जुलैला बदली पार्सल आलं. डबा उघडला तर सिलिंडरवर काळी फुली! डब्यावर मिस्त्रींच्या अंगठ्याचा ऑइलचा ठसासुद्धा जागच्या जागी, आणि त्याच्यावर अर्धं चढवलेलं तुमचं नवं स्टिकर: ‘तपासणी पूर्ण’. तपासणारा कोण, हे जाणून घ्यायला मला मनापासून आवडेल.

आता आजचा फोन. मराठीसाठी तीन दाबलं. अकरा मिनिटं सनई ऐकली. मग एक मुलगा आला.

“गाडी कुठली सर?”

“प्रीमियर पद्मिनी.”

“ऑर्डर पद्मिनी मॅडमच्या नावावर आहे का?”

“पद्मिनी गाडीचं नाव आहे.”

“ओके सर. मग मॅडमना जरा फोन देता का? व्हेरिफिकेशन करावं लागेल.”

इथपर्यंत मी हसलो. पोरगं पंचविशीच्या आतलं असेल, त्याच्या जन्माच्या आसपास गाडी बंद झाली. त्याला दोष देत नाही, त्याला तिथे बसवणाऱ्याला देतो. पण पुढे तो म्हणाला, “सर, सिस्टीममध्ये पार्ट फिट होतो असं दाखवतंय. तुम्ही नीट बसवताय ना?” फोन स्पीकरवर होता. चाळीस वर्षं फियाटखाली (पद्मिनीचं जुनं नाव) पाठ घासलेले आमचे मिस्त्री माझ्या शेजारी उभे होते. ते काही बोलले नाहीत. चिंधीला हात पुसले आणि चहा प्यायला निघून गेले. मी म्हटलं, तुमच्या सिस्टीमला एकदा गाडीखाली आडवं घाला. त्यावर तो म्हणाला, “सर, डिस्क पॅडवर सध्या दहा टक्के सूट आहे.”

चारही चाकांना ड्रम. वर लिहिलंय, परत लिहितो.

तीन वर्षं दरवाजाची रबरं, हँडल, वायपरचे ब्लेड सगळं तुमच्याकडून घेतलं. पार्किंगमध्ये कुणी थांबून गाडीकडे पाहिलं की त्याला तुमचं नाव सांगायचो. आता विचारलं तर विषय बदलतो. दरवाजाचं रबर चुकलं तर पाणी आत येतं. ब्रेक चुकला तर समोर माणूस असतो.

जुन्या नमुन्याशी आटे आणि बोअर जुळणारे दोन सिलिंडर पाठवा, डावा आणि उजवा. नसतील तर ‘नाहीत’ असं सरळ सांगा आणि पूर्ण पैसे परत करा, त्या 180 रुपयांसकट. स्वतःचा चुकीचा माल स्वतःकडे परत नेण्याचं भाडं गिऱ्हाइकाकडून घेणारी कंपनी मी तरी दुसरी पाहिली नाही. 4 जुलैला तुमच्या तक्रार अधिकाऱ्यांना ईमेल केला होता. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण व्हायला हवं. पोचच अजून आलेली नाही. 4 ऑगस्ट उलटली की 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि पाठोपाठ जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. एवढ्याशा रकमेच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, तुमच्यासारखं भाडंही नाही. फुली मारलेला सिलिंडर पुरावा म्हणून जपून ठेवलाय. तो परत मागू नका.

तुमचा (अजून तरी) ग्राहक,
गिरगाव

ता. क. पद्मिनी मॅडम सव्वा महिना लाकडी ठोकळ्यांवर उभ्या आहेत, अंगावर ताडपत्री आहे. फोनवर येऊ शकत नाहीत.