हळदीकुंकवाच्या आधीचे दहा दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत विधवांना बोलावून हळदीकुंकू केल्याच्या बातम्या आता नाशिकमध्येही वाचायला मिळतात. आमच्या सोसायटीच्या महिला मंडळानेही ते केले. पहिल्या वर्षी ‘विधवा सन्मान सोहळा’ असा भला मोठा फलक लावला, एकेकीचे नाव पुकारून व्यासपीठावर बोलावले, फोटो काढले. दुसऱ्या वर्षी त्यांतल्या दोघीच आल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना विचारले तर म्हणाल्या, “अगं, वाण घ्यायला येईन की. पण माईकवरून मला विधवा कशाला म्हणता?” फलक ठरवायच्या बैठकीत आम्ही सगळ्या होतो. त्यांना मात्र कुणी विचारलेच नव्हते.

पुन्हा बसलो तेव्हा साधा प्रश्न निघाला: नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची ही प्रथा घडते कधी आणि कुणाच्या हातून? काही घरांत तिरडी उचलताना, काही घरांत दहाव्याला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर. आणि कुंकू पुसणारा, बांगड्या फोडणारा हात बहुधा बाईचाच असतो. बारा वर्षांपूर्वी धाकट्या जावेच्या बांगड्या मी फोडल्या आहेत, म्हणून हे लिहू शकते. त्या वेळी कुणी नुसते “राहू दे” म्हटले असते तर मी थांबले असते. घर माणसांनी भरलेले होते, पण कुणी बोलले नाही.

म्हणजे “राहू द्या” म्हणणारे माणूस त्या घरात वेळेवर असायला हवे. ते बाहेरून येणार नाही. सुतकाच्या घरी शेजारून पिठले-भाकरी जाते; डबा घेऊन जाणारी शेजारीणच आमची कार्यकर्ती. तिने उपदेश करायचा नाही, कागदांची कामे अंगावर घ्यायची. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, मग दाखला, बँकेचे वारसाचे कागद, गरज असेल तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. एवढे केलेल्या बाईचा शब्द घरात ऐकून घेतला जातो. तरी सासूबाई विचारतातच, “माझ्या वेळी कुणी थांबवलं होतं का?” यावर आमच्याकडे उत्तर नाही. आम्ही ऐकून घेतो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. शासनानेही त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. पण शहरात ग्रामसभा कुठून आणायची? सोसायटीची सभा पार्किंग आणि पाण्याच्या टाकीपुढे सरकत नाही. म्हणून आम्ही रामकुंडावर विधी सांगणाऱ्या दोघा गुरुजींना भेटलो. दोघेही म्हणाले, “बांगड्या फोडा असं आम्ही सांगत नाही, ते घरच्या बायकांचं.” मग हेच वाक्य दहाव्याला सगळ्यांदेखत म्हणाल का? एक जण हो म्हणाले. आमची आजवरची मोठी कमाई हीच.

याच पंचवटीत २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. इथली धुरा दादासाहेब गायकवाडांनी वाहिली. सत्याग्रहींच्या पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या आणि त्या सगळ्यांना मंदिराच्या चार दरवाज्यांवर वाटून दिले होते. आपण सत्याग्रहाची मिरवणूक लक्षात ठेवतो, ही वाटणी विसरतो. लढा वर्षानुवर्षे चालतो तेव्हा मागे कुणीतरी वही घेऊन बसलेले असते.

आमच्या वहीत सध्या सातच शेजारणी आहेत. प्रत्येकीकडे दोन इमारती. घरी कुणी गेल्याचे कळले की पहिल्याच दिवशी पोहोचायचे, दहाव्यापर्यंत रोज जायचे. मागच्या खेपेला एका घरी आम्ही तिसऱ्या दिवशी गेलो आणि उशीर झाला होता. सातजणींवर हे भागणार नाही. पंचवटी, सिडको, नाशिकरोडच्या मंडळांनी आपापल्या गल्लीची अशी वही उघडली तर आमचे अनुभव सांगायला आम्ही येऊ.

येत्या संक्रांतीला फलक नाही, माईकही नाही. वाण म्हणून स्टीलची वाटी आहे आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू येते म्हणाल्या आहेत. फोटोसाठी आपल्या प्रतिनिधीला बोलावणार नाही, राग नसावा.

आपली,
एक वाचक, पंचवटी, नाशिक