जुन्या कापडाची गोधडीही टिकाऊच हवी

किशोरवयीन मुलांकडून गरजूंसाठी गोधड्या शिवून घेण्याबद्दलचा लेख वाचला. कल्पना मनापासून पटली. पण खर्च कमी ठेवायचा तर 'जमेल तशी शिवा' हा त्यातला सल्ला पटला नाही. काटकसर कापडात करावी, शिवणीत नाही.

जुने सुती शर्ट आणि चादरी वरच्या थराला पुरतात. मधल्या थराला जुनी ब्लँकेट चालते. मात्र जुने कापडही आधी धुऊनच कापावे, म्हणजे रंग जाणारे तुकडे वेळीच बाजूला काढता येतात. उजेडासमोर धरल्यावर विरलेले दिसेल ते कापड घेऊच नये. शिवून झाल्यावर बारा इंची उरतील असे वीस चौकोन, चार बाय पाच असे जोडले की अठ्ठेचाळीस बाय साठ इंचांची गोधडी होते. वीस मुलांनी प्रत्येकी एक चौकोन केला तरी पुरे.

खरा वेळ द्यावा तो पाव इंच माया, म्हणजे शिवणीबाहेर कडेला सोडलेले कापड, राखायला शिकवण्यात. प्रत्येक कडेला तीन मिलिमीटर चुकले, तर चार चौकोनांच्या ओळीत तीन शिवणींत मिळून अठरा मिलिमीटर फरक पडतो आणि ओळी एकमेकींना जुळत नाहीत. मी शिकवताना अशी शिवण मुलांनाच उसवायला लावते. ती हिरमुसतात, पण दुसऱ्यांदा टाके सरळ येतात. ही गोधडी कुणीतरी रोज पांघरणार, वारंवार धुणार. दान म्हणून उसवणारी वस्तू देऊ नये.

– एक शिवणशिक्षिका