चि. मंदारला, मार्चच्या आधी

चि. मंदारस,
अनेक आशीर्वाद.

धाकटीच्या साखरपुड्याला तू भरल्या पानावरून उठलास आणि पहाटेच बंगळूरला निघून गेलास. तेव्हापासून फोन करा म्हणून आई माझ्यामागे लागली आहे. फोनवर आपलं दोघांचं काय होतं ते तुला ठाऊकच आहे. 'जेवलास का, बरा आहेस ना' एवढं झालं की मी फोन आईकडे देतो. म्हणून कागद घेतला.

नानामामा जास्तच बोलले. तुमच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सवरून 'एचएएलवाले म्हणजे सरकारचे जावई' हे नव्या व्याह्यांसमोर म्हणायची काही गरज नव्हती. मामींनी त्यांना नंतर चांगलंच सुनावलं, ते तुझ्यापर्यंत पोचलं असेल. पण त्यांनी दिलेले आकडे खोटे नव्हते रे. ८३ तेजस मार्क-१ए लढाऊ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला, जवळजवळ ४८ हजार कोटींचा. पहिलं विमान मार्च २०२४ पर्यंत हवाई दलाच्या ताब्यात जायचं होतं. २०२५ संपत आलं तरी दल वाटच बघतंय. लढाऊ विमानांच्या मंजूर तुकड्या, म्हणजे स्क्वाड्रन, ४२ आणि सप्टेंबरात चंडीगडला शेवटचे मिग-२१ उतरले तेव्हा उरल्या २९. खुद्द हवाई दलप्रमुखांनी फेब्रुवारीत येलहंकाच्या विमान प्रदर्शनात, कॅमेरे सुरू असताना, तुमच्या अधिकाऱ्यांना सांगितलं की मला तुमचा भरवसा वाटत नाही. मे महिन्यात तर ते म्हणाले की वेळेत पूर्ण झालेला एकही प्रकल्प मला आठवत नाही. दलाचा प्रमुखच असं बोलतो तेव्हा घरातल्या माणसांनी गप्प बसावं, ही अपेक्षा आपल्याला करता येत नाही.

आणि मामांचा अथर्व डुंडिगलला हवाई दलाच्या अकादमीत आहे. हे तू विसरला नसशील, पण त्या रात्री तुझ्या लक्षात राहिलं नसावं. ज्याचा नातू उद्या लढाऊ विमानात बसणार, तो माणूस रोज सकाळी पेपरात स्क्वाड्रनचे आकडे बघतो. त्यांचा आवाज चढतो तो भीतीने चढतो. मी त्यांना चाळीस वर्षं ओळखतो, रागात आणि भीतीत त्यांचा आवाज सारखाच असतो.

असो. मामांच्या बोलण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. तू उठता उठता जे म्हणालास ते माझ्या डोक्यातून जात नाही. 'मार्चच्या आत आमच्या लाइनवरची विमानं बाहेर काढतो, वाट्टेल ते करून काढतो, मग बोला.' व्याही हसले, कुणीतरी 'शाब्बास' म्हणालं. माझ्या हातातला घास तसाच राहिला.

तू इन्स्पेक्शनला आहेस मंदार. तुझा शिक्का पडल्याशिवाय पॅनल बंद होत नाही. वाट्टेल ते करून म्हणजे काय करून?

मी व्याख्यान देणार नाही, असं ठरवून बसलोय. तुला माझ्यापेक्षा जास्त शिक्षण आहे, तुमची विमानं वेगळी, आता सगळं संगणकावर. तरी एक आठवण सांगतो, ऐकून घे.

मी विमानांच्या कामावर नवीन होतो. सेकंड शिफ्ट संपताना हत्यारांची मोजदाद चालली होती. आमच्याकडे भिंतीवर बोर्ड असायचा, त्यावर प्रत्येक हत्याराची काळी आकृती रंगवलेली. हत्यार जागेवर नसलं की आकृती उघडी पडलेली लांबूनही दिसते. त्या रात्री एका सॉकेटची आकृती उघडी राहिली. नट फिरवायचा, करंगळीच्या पेरापेक्षा जरा मोठा सॉकेट. विमान सकाळी इंजिन रनला, म्हणजे इंजिन चालवून बघायला, जायचं होतं, वरून रोज विचारणा होत होती, साहेब दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेले. आमच्या चार्जमननी कुणाशी वाद घातला नाही. रजिस्टर उघडलं, 'एक सॉकेट कमी, विमान थांबवले' असं लिहिलं, खाली सही केली आणि मग आम्हाला म्हणाले, चला, शोधू. रात्रभर आम्ही पोटावर सरपटत शोधत होतो. बॅटरी तोंडात धरून, आरसा आत घालून. पहाटे तो कंट्रोल रॉडच्या शेजारी सापडला, जिथे माणसाचा हात नीट वळतसुद्धा नाही. वर गेल्यावर तो दोन इंच सरकला असता तर वैमानिकाच्या हातातली स्टिक अडकली असती. चार्जमननी तो रुमालाने पुसला, बोर्डवर लावला आणि रजिस्टरात 'सापडला' अशी नोंद करून घरी गेले. विमान उशिरा गेलं. ते ज्याने उडवलं त्या वैमानिकाला यातलं काहीही कधी कळलं नाही.

मला वाटतं, आपलं काम हेच.

तू पाचवी-सहावीत असताना सायकलच्या मडगार्डचे दोन स्क्रू सारखे ढिले व्हायचे. माझी पक्कड घेऊन तू त्यांना लॉकवायर मारली होतीस. मी बघितलं तर तार बरोबर दिशेने ओढलेली, स्क्रू सैल व्हायला लागला तर तारच त्याला घट्ट होण्याकडे खेचेल अशी. मी तुला ते शिकवलं नव्हतं, तू बघून उचललं होतंस. आईला मी हे इतक्या वेळा सांगितलंय की ती आता वाक्य पूर्ण करते. सायकल पुढे आत्याकडे गेली, पण तार शेवटपर्यंत तुटली नाही.

हे लिहायचं नव्हतं. मुद्दा राहिला.

उशीर का झाला हे तू मला समजावू नकोस, मला कळतं. अमेरिकेच्या जीई कंपनीचं इंजिन. ९९ इंजिनांची ऑर्डर २०२१ ला गेली आणि पहिलं इंजिन आलं मार्च २०२५ मध्ये. इंजिनाशिवाय उभी असलेली विमानं बघून तुम्हा पोरांचा जीव तुटतो, तेही मी समजू शकतो. पण लोक चिडतात त्यात त्यांची चूक नाही. इंजिन परक्याच्या हातात आहे, हे तारीख देताना माहीत नव्हतं का? मारुत विमान १७ जून १९६१ ला उडालं, कुर्ट टँकसारखा जर्मन माणूस आणून बनवलेलं, देखणं विमान. ते जन्मभर कमी ताकदीच्या इंजिनावर अडकून राहिलं. पुढे तेजससाठी कावेरी इंजिन करायला घेतलं, २००८ मध्ये तेही तेजसपासून वेगळं काढावं लागलं. साठ वर्षं तोच खड्डा आणि प्रत्येक वेळी वरची मंडळी त्याच खड्ड्यावर उभी राहून तारीख जाहीर करतात. आराखडा एडीए या सरकारी संस्थेचा, बांधणी एचएएलची, उडवणार हवाई दल, इंजिन अमेरिकेतून. यातल्या कुणालाही विचारलं तर बोट दुसऱ्याकडे. हलकं लढाऊ विमान, म्हणजे हेच तेजस, करायचं १९८३ ला ठरलं, ते पहिल्यांदा उडालं ४ जानेवारी २००१ ला आणि पहिली स्क्वाड्रन उभी राहिली २०१६ मध्ये. यात कारागिराचा दोष किती आणि कारभाराचा किती, हे माझ्या मनाशी पक्कं आहे. तारीख द्यायला टेबल लागतं, ती पाळायला हँगर लागतो आणि टेबलावरच्या माणसांनी हँगरमधल्यांना विचारलेलं मी फारसं पाहिलं नाही.

म्हणूनच मला भीती वाटते. चुकलेल्या तारखेचं ओझं वरून खाली येतं, आणि सगळ्यात शेवटी ज्याच्या हातात शिक्का आहे त्याच्यावर येऊन थांबतं. तो तू आहेस.

बोइंगचं तू माझ्यापेक्षा जास्त वाचलं असशील. ७३७ मॅक्सची दोन विमानं पाच महिन्यांच्या आत पडली, ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९, ३४६ माणसं गेली. तो आराखड्याचा आणि लपवाछपवीचा मामला होता, तो बाजूला ठेव. मला झोप लागू देत नाही ती ५ जानेवारी २०२४ ची गोष्ट. विमान मॅक्सच, नवंकोरं, आणि उडाल्यावर काही मिनिटांत भिंतीतला दाराएवढा तुकडा बाहेर फेकला गेला. माणसं वाचली हे नशीब. चौकशीत निघालं काय, तर चार बोल्ट लावलेलेच नव्हते. कारखान्यात रिव्हेटचं काम करायला तो तुकडा उघडला होता आणि उघडल्याची नोंदच कुणी केली नव्हती. नोंद नाही म्हणून तपासणी नाही, तपासणी नाही म्हणून बोल्ट नाहीत हे कुणाला कळलं नाही. एवढी मोठी कंपनी, पण रजिस्टरातली एक ओळ राहिली. त्यानंतर तिथल्या सरकारने सांगितलं की महिन्याला ३८ च्या वर ७३७ काढायची नाहीत. म्हणजे घाईने जे वाचवायला निघाले, तेच हातचं गेलं.

तूसुद्धा कधी एखादी ओळ उद्यावर टाकशील, असं मी म्हणत नाही. म्हणणारही नाही. पण मार्च जवळ आला की रात्री अकराला कुणीतरी येईल, ओळखीचा, चांगला माणूस, आणि म्हणेल, 'मंदार, एवढंच राहिलंय, तू शिक्का मार, सकाळी पहिलं काम हेच करतो.' तो खोटं बोलत नसेल. सकाळी करायचा त्याचा खरंच विचार असेल. तरीही मारू नकोस. विमान न बघता मारू नकोस, कागद बघून मारू नकोस, कुणाच्या शब्दावर मारू नकोस. मामांना उत्तर द्यायचंय म्हणून तर मुळीच मारू नकोस.

झालंच शेवटी व्याख्यान. माफ कर. बत्तीस वर्षांच्या मुलाला असं लिहू नये, हे मला कळतं.

२१ नोव्हेंबरला दुबईला तेजस पडलं आणि वैमानिक गेला, त्या दिवशी तू फोन उचलला नाहीस. आई घाबरली, मी नाही म्हटलं तरी मीही घाबरलो. कारण काय ते चौकशीतून येईल, त्यावर मी तर्क करणार नाही आणि तूही कुणाशी करू नकोस. पण त्या रात्री तुझ्यासारखी किती मुलं आपापली रजिस्टरं आठवत जागी असतील, हे माझ्या मनात आलं. तू जागा होतास का? हे मला विचारायचं होतं आणि मी फोन आईकडे दिला.

१७ ऑक्टोबरला ओझरच्या नव्या लाइनवरचं पहिलं मार्क-१ए उडालं तेव्हा मी टीव्हीसमोर उभा होतो. बसवेना. संरक्षणमंत्री होते, पाण्याच्या फवाऱ्याची सलामी होती, ते सगळं ठीक. माझी नजर सारखी खाली उभ्या असलेल्या निळ्या कपड्यांतल्या पोरांवर जात होती. तू बंगळूरला आहेस हे माहीत असूनही मी त्यांच्यात तुला शोधत होतो. शेजारचे काका आले तेव्हा मी त्यांना म्हणालो, हे विमान आमचा मंदार बनवतो. ते विमान तुझ्या लाइनचं नव्हतं. तरी म्हणालो, आणि पुन्हा म्हणेन.

लोक बोलतील. सप्टेंबरात आणखी ९७ विमानांचा करार झालाय, बासष्ट हजार कोटींच्या वरचा, म्हणजे अजून बरीच वर्षं बोलतील. त्यांचे पैसे आहेत, त्यांची पोरं त्या विमानांत बसणार आहेत, त्यांना विचारायचा हक्क आहे. तुला राग आला की बाहेर जाऊन चहा घे. उत्तर वरच्यांना देऊ दे, तारीख त्यांनी दिली आहे. तुझं नाव फक्त तपासणीच्या त्या कार्डावर आहे, जिथे तू स्वतः वाकून बघितलंयस. तसंच राहू दे.

पुन्हा तिथेच आलो. आई म्हणते मी हल्ली एकच गोष्ट चार वेळा सांगतो.

रविवारी नानामामांना फोन कर. माफी मागायची नाही, त्यांनीही मागितलेली नाही. अथर्वची चौकशी कर. पहिल्या सोलो उड्डाणाबद्दल त्याने मामांना काय काय सांगितलंय ते विचार, मग ते तासभर सोडणार नाहीत. धाकटीचं लग्न वैशाखात धरलंय, तेव्हा रजा आत्ताच टाकून ठेव. रात्रपाळी असेल तेव्हा डबा नेत जा, कँटीनच्या भरवशावर राहू नकोस. पाठीचं दुखणं कमी आहे का, तेही आईला लिही, मला सांगत नाहीस म्हणून तिला तरी.

आणि मार्चचं काय होतं ते मला कळव. विमानं गेली तर कळव. नाही गेली, तू अडवलीस म्हणून नाही गेली, तर आधी मला कळव, कुणी काही बोलायच्या आत.

तुझे
बाबा