टाउपोचा प्लॅन, आणि तुझी एक्सेल शीट

प्रिय मंजे,

तुझी एक्सेल शीट मिळाली. रंग काय, फॉर्म्युले काय, कमाल आहेस, पण अगं न्यूझीलंडच्या नऊ दिवसांत ऑकलंड, रोटोरुआ, टाउपो, क्वीन्सटाउन, मिलफर्ड साउंड आणि परत ऑकलंड? ही ट्रिप आहे का निवडणुकीचा दौरा? आणि त्यात टाउपोसमोर तू लिहिलंयस "डे ट्रिप", ते वाचून मात्र माझं डोकंच फिरलं. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर तुकडे तुकडे टाकण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते, चहा घेऊन बस.

माझं म्हणणं एवढंच आहे की साउथ आयलंड या वेळी काढून टाक. पहिले दोन दिवस आमच्याकडे हॅमिल्टनला झोप काढा, जेट लॅग जाऊ दे (तुमच्या साडेसात तास पुढे असतो आम्ही इथल्या उन्हाळ्यात), मग सगळे दिवस टाउपोला. कारण सांगते. तुला करायचाय टोंगारीरो या ज्वालामुखीवरचा ट्रेक, आणि तो ट्रेक तारीख ठरवून होत नाही गं, तो हवा ठरवते. वरती एकही झाड नाही, आडोसा नाही, वारा सुटला की शटलवाले आदल्या दिवशीच सांगतात उद्या नाही म्हणून, आणि मग तुझी पुढची फ्लाइट असेल तर संपलं. सलग तीन दिवस मोकळे ठेवायचे, रोज संध्याकाळी फोरकास्ट बघायचा, आणि जो दिवस बरा दिसेल तो ट्रेकला द्यायचा, बाकीचे दोन टाउपोच्या लेकला. एवढं केलंस की बाकी प्लॅन आपोआप बसतो.

कधी यायचं? अमोलला बँकेत मार्चएंडची सुट्टी मिळणार नाहीच, त्यामुळे फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा. ६ फेब्रुवारीला वाइटांगी डे असतो, इथली राष्ट्रीय सुट्टी, त्याच्या आसपास सगळं न्यूझीलंड बाहेर पडतं, ते टाळू. आणि मार्चच्या सुरुवातीला टाउपोत आयर्नमॅन (पोहणं-सायकल-धावण्याची मोठी शर्यत) असते, तेव्हा गावात खोली मिळणं मुश्कील. मधला काळ बेस्ट, हवा त्यातल्या त्यात स्थिर आणि रात्री आठपर्यंत उजेड.

आता लेकबद्दल, कारण शीटमध्ये तू नुसतं "लेक व्ह्यू" लिहिलंयस. अगं ६१६ चौरस किलोमीटर आहे ते, अख्खी बृहन्मुंबई आत मावेल! आणि हे तळं म्हणजेच ज्वालामुखी. सुमारे २५ हजार वर्षांपूर्वी एवढा प्रचंड उद्रेक झाला की जमीनच खाली बसली आणि त्या खड्ड्यात पाणी भरलं. शेवटचा मोठा उद्रेक अंदाजे १८०० वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपल्याकडे सातवाहनांचं राज्य मावळत होतं त्या सुमारास. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण तो गार होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली, इथे मात्र जमिनीतून अजून वाफा येतात. किनाऱ्यावर प्यूमिसचे दगड पडलेले असतात, पाय घासायच्या वजरीसारखे, ते पाण्यात टाकले की तरंगतात. निखिल अजूनही प्रत्येक वेळी टाकून बघतो.

काकू विचारतील, फुटला म्हणजे? तर सांग की जिओनेटवाले, म्हणजे इथले भूकंप-ज्वालामुखी बघणारे, चोवीस तास लक्ष ठेवून असतात. २०२२ मध्ये खालचे भूकंप वाढले म्हणून टाउपोची अलर्ट लेव्हल शून्याची एक केली होती, २०२३ मध्ये परत शून्यावर आणली. टोंगारीरोचं 'ते मारी' नावाचं विवर २०१२ मध्ये रात्री उडालं आणि दगड ट्रेकच्या वाटेवरच्या झोपडीच्या छतातून आत पडले, हे मात्र काकूंना सांगायची गरज नाही.

ट्रेक साधारण २० किलोमीटरचा, सात-आठ तास. मांगाटेपोपोला सुरू करायचा, केतेताहीला उतरायचं, आणि सीझनमध्ये सुरुवातीच्या पार्किंगला चार तासांची मर्यादा आहे म्हणून शटल घ्यावीच लागते. सर्वात उंच जागा रेड क्रेटर, १८८६ मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा २४० मीटर जास्त. चढ तुला काहीच वाटणार नाही, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केलेली बाई तू. पण रेड क्रेटरवरून एमरल्ड लेक्सकडे उतरताना जो घसारा आहे ना, सगळी सुटी लाल-काळी खडी, तिथे टाच रोवत उतरायचं, आणि अमोलला सांग तिथे सेल्फी काढत उभा राहू नकोस, मागून येणारे घसरत येतात. खाली ती तळी इतकी हिरवी की फोटोत खोटी वाटतात, बाजूला गंधकाचा वास. पुढे ब्लू लेक लागतो, तो माओरी लोकांसाठी पवित्र आहे, पाण्याला हात लावायचा नाही आणि काठावर बसून डबा पण खायचा नाही. आणि न्गाउरुहोएच्या शिखरावर जायचं तू लिहिलंयस ते खोड. लोकांनी शिखरांवर चढू नये अशी तिथल्या इवीची, म्हणजे माओरी जमातीची, विनंती आहे, त्यांच्याच पूर्वजांनी १८८७ मध्ये ही शिखरं देशाला दिली म्हणून हे नॅशनल पार्क झालं, तेवढा मान ठेवू ना आपण.

वाटेत प्यायचं पाणी नाही, माणशी तीन लिटर घ्यायचं. जीन्स आणि कॉटन टीशर्ट घरी ठेव, भिजलं की अंगाला चिकटून गार पडतं. विंडप्रूफ जॅकेट, एक गरम लेअर, टोपी, आणि सनस्क्रीन, इथलं ऊन दिसतं सौम्य पण सोलून काढतं. ट्रेकच्या आसपासच्या रात्री तुरांगीत राहू, लेकच्या दक्षिण टोकाला आहे, टाउपोपासून ५० किलोमीटर, पहाटेची धावपळ वाचते आणि संध्याकाळी जवळच टोकानूच्या गरम पाण्यात पाय टाकून बसता येतं. फक्त इथल्या कुठल्याही गरम झऱ्यात डोकं पाण्याखाली घालायचं नाही, नाकातून अमीबा जाऊ शकतो, हे थट्टेत घेऊ नकोस.

बाकीच्या दिवसांत एक सकाळ कयाकला. माइन बेमध्ये कड्यावर न्गातोरोइरांगी या माओरी पूर्वजाचा चेहरा कोरलाय, दहा मीटरहून उंच, आणि तिथे पाण्यातूनच जावं लागतं, जमिनीवरून रस्ता नाही. हे काही प्राचीन लेणं नाही हं, १९७० च्या दशकाच्या शेवटी मताही व्हाकाताका-ब्राइटवेल या कलाकाराने सुरू केलं आणि १९८० मध्ये पुरं झालं. पण समोर गेल्यावर तारखेने काही फरक पडत नाही. तुला पोहता येत नाही ते माहितीये मला, लाइफ जॅकेट असतं, आणि दुपारी वारा वाढतो म्हणून सकाळीच जायचं. फारच भीती वाटली तर बोट असते, पण कयाकची मजा वेगळी.

हुका फॉल्सला गाडीने जाऊ नका, स्पा पार्कपासून नदीच्या काठाने चालत जा, तासाभराची वाट आहे, आणि येताना ओतुमुहेके ओढ्यात डुंबायचं, फुकट. हुका उंचीला जेमतेम ११ मीटर, पण शंभर मीटर रुंद नदी पंधरा मीटरच्या घळीत कोंबलीये, सेकंदाला दोन लाख वीस हजार लिटर पाणी, आवाजाने बोलता येत नाही. हीच वायकाटो नदी पुढे आमच्या हॅमिल्टनमधून जाते, आमच्याकडे एकदम शहाणी होऊन. पुढे अराटियाटियाला धरणाचे दरवाजे ठरलेल्या वेळी उघडतात, रिकामी कातळाची घळ बघता बघता भरते, ते बघायचंच.

अमोलच्या बंजीबद्दल. आहे, ४७ मीटर, नदीवर, पाण्याला हात लावून वर येता येतं. पण खर्चच करायचा तर मी म्हणते स्कायडायव्ह करा, कारण वरून अख्खं तळं आणि त्यामागे रुआपेहू डोंगराचा बर्फ एकदम दिसतो, बंजीत तुला स्वतःची किंकाळी सोडून काही आठवणार नाही. साडेअठरा हजार फुटांपर्यंत नेतात, बारा हजार पुरे. मी खालून व्हिडिओ काढेन, मला विचारू पण नकोस. इन्शुरन्स घेताना मात्र अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट्सचा क्लॉज वाचून घे, नुसतं स्वस्त बघून क्लिक करू नकोस.

आणि एअरपोर्ट! बुटांना सह्याद्रीचा चिखल असेल तर तो घासून, ब्रशने टाके सुद्धा साफ करून आण आणि तरीही फॉर्मवर ट्रेकचे बूट आहेत म्हणून लिही. खाण्याचं सगळं डिक्लेअर कर, लपवलेलं सापडलं तर ४०० डॉलर दंड जागेवर. मध अजिबात नको. घरचे पदार्थ सुद्धा काकूंनी कितीही प्रेमाने बांधले तरी लिहायचेच, फार तर काढून घेतील.

अमोल मालवणचा म्हणून एक खास. इथे लेकमध्ये ट्राउट आहे भरपूर, पण ट्राउट विकायला कायद्याने बंदी, हॉटेलात मेनूवर मिळणारच नाही, टाउपोचं वेगळं लायसन्स काढून स्वतःच धरायचा. एक दिवस गाइड घेऊन त्याला बोटीवर पाठवू. धरला तर मी रवा लावून तव्यावर करते. तेवढ्यासाठी मालवणी मसाला आण, सीलबंद पॅकेटचा, घरचा नको, तो पण डिक्लेअर कर.

व्हिसा याच आठवड्यात टाका दोघांचा, कागद लागतात बरेच. आणि रविवारपर्यंत तारखा कळव, तुरांगीची केबिन मला सोमवारी बुक करायचीये, तीन बेडरूमवाली एकच शिल्लक दिसतेय.

तुझीच,
शलाका

ता.क. शीटमधून क्वीन्सटाउनची ओळ डिलीट केलीस की मला स्क्रीनशॉट पाठव, तुझ्यावर विश्वास नाही.