सई, प्रोजेक्टचा विषय पक्का करण्याआधी हे वाच

सई बाळा,

काल फोनवर घाईत बोलणं झालं, तू म्हणालीस की समुद्रात तेल सांडलं तरी तेलखाऊ बॅक्टेरिया ते खाऊन टाकतात, मी प्रोजेक्टला तेच घेते. विषय चांगला आहे गं, पण हे 'खाऊन टाकतात' इतकं सोपं नाहीये, आणि इतकी वर्षं मायक्रोबायोलॉजी शिकवल्यावर मला ते तसंच सोडवत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

अल्कॅनिवोरॅक्स या तेलखाऊ बॅक्टेरियाचंच घे. स्वच्छ पाण्यात शोधायला गेलीस तर जेमतेम सापडतो, पण तेल आलं की काही दिवसांत त्याचंच राज्य. तेलाच्या थेंबाला चिकटतो, स्वतःच साबणासारखा पदार्थ सोडून थेंब बारीक करतो आणि सरळ साखळीचे अल्केन, म्हणजे तेलातले साधे कार्बन-हायड्रोजनचे रेणू, आधी संपवतो. पण कड्यांवाले जड रेणू, म्हणजे पीएएच, ते मागे राहतात, त्यांना सायक्लोक्लास्टिकससारखे दुसरे बॅक्टेरिया लागतात आणि वेळही फार लागतो. आणि विषारी म्हणशील तर मागे राहिलेले हेच जास्त. मेच्या सुमारास तुमच्याकडे किनाऱ्यावर डांबरगोळे, म्हणजे समुद्रातल्या तेलाचे घट्ट झालेले गोळे, येतात ना, एक उचलून मधोमध काप. वरून कडक, वाळू चिकटलेली, आत अजून मऊ चकचकीत काळं आणि नाकात जाणारा वास. बॅक्टेरियाला जे जमलं नाही ते तिथे तुझ्या हातात असतं, आणि आतपर्यंत ऑक्सिजनही नीट पोचत नाही.

दुसरं, तेलात कार्बन भरपूर पण नायट्रोजन, फॉस्फरस जवळपास नाहीच. नुसत्या कार्बनवर पेशी वाढत नाही. 1989 ला अलास्कात एक्सॉन वाल्डीझ या टँकरचं तेल किनाऱ्यावर आलं तेव्हा तिथल्या बॅक्टेरियासाठी दगडांवर चक्क खत टाकलं होतं. 2010 ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन हे तेलविहिरीचं व्यासपीठ फुटलं, 11 माणसं गेली आणि 87 दिवस तेल येत राहिलं, तिथे खोल पाण्यात ओशनोस्पिरिलेल्स गटाचे बॅक्टेरिया भराभर वाढले हे खरंय, पण खाताना ऑक्सिजनही वापरला जातो. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरच्या खाली आधीच ऑक्सिजन फार कमी असलेला मोठा थर आहे, तिथे हा हिशोब कसा बसेल याचा विचार कर.

आता समुद्राचं आम्लीकरण, याचा तुझ्या तेलखाऊंशी संबंध पुढे सांगते. आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण चौथा हिस्सा समुद्र घेतो, त्याचं कार्बोनिक आम्ल होतं आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा, उतरतो. औद्योगिक क्रांतीपासून पृष्ठभागाचा पीएच 8.2 च्या आसपासवरून 8.1 वर आलाय. पाणी अजून अल्कधर्मीच आहे, पण मोजपट्टी लॉगची (एक अंक म्हणजे दहापट) असल्याने हायड्रोजन आयन पंचवीस ते तीस टक्के वाढलेत. ते कार्बोनेटला जाऊन चिकटतात, मग कोकोलिथोफोर, फोरॅमिनिफेरा या समुद्रातल्या सूक्ष्म जिवांना कवचासाठी कार्बोनेट कमी पडतं. कोकोलिथोफोरचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो बघ एकदा, एका पेशीवर नक्षीदार चकत्या एकावर एक बसवलेल्या असतात. मला त्याचं कौतुक कधी संपत नाही.

पण तुझ्या कामाचा मुद्दा वेगळाच आहे आणि त्याकडे फार कमी लोक बघतात. पीएच उतरला की अमोनियाचं अमोनियम जास्त होतं, आणि अमोनियापासून नायट्राइट बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना हवा असतो अमोनिया. अटलांटिक आणि पॅसिफिकच्या पाण्यावर पीएच कमी करून प्रयोग झालेत, ही क्रिया, म्हणजे नायट्रिफिकेशन, मंदावली. म्हणजे बघ, तेलखाऊंना ज्याची टंचाई त्या नायट्रोजनच्याच चक्रात हात घातला जातोय. याने तेल खाण्याचा वेग कमी होतो की नुसते खाणारे बदलतात, हे तुमच्याकडच्या पाण्यात बघण्यासारखं आहे. नुसतं 'तेल घातलं, बॅक्टेरिया वाढले' हे शंभर जणांनी केलंय. तू चार प्रकारच्या टाक्या लाव, साधं पाणी, तेल, कमी पीएच, आणि दोन्ही एकत्र. प्रत्येक प्रकारच्या तीन सारख्या टाक्या (रेप्लिकेट) तरी हव्यातच. सोबत प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीवही मोज, कारण पृथ्वीवरचं जवळपास अर्धं प्रकाशसंश्लेषण समुद्रात होतं, तेही मुख्यतः या डोळ्यांना न दिसणाऱ्यांच्या जिवावर, आणि पाण्यावर तवंग आला की उजेड अडतो आणि वर विषही.

आणि हे फक्त टँकरवाल्यांचं काम समजू नकोस. इथे पुण्यात नाना पेठेतून जाताना गॅरेजसमोरच्या गटारात इंजिन ऑइलचा रंगीत तवंग अजूनही दिसतो, ते पावसात मुठेत जातं, पुढे भीमा, कृष्णा आणि बंगालचा उपसागर. वाटेत उजनी धरणाच्या गाळात बरंच अडकत असेल, पण तिथेही सूक्ष्मजीव आहेतच की. मला हे बघून फार त्रास होतो.

सॅम्पल गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत घे, प्लास्टिकला तेल चिकटतं. पीएचची बाटली वेगळी, काठोकाठ भर, हवा ठेवू नकोस, आणि जमेल तिथे जागेवरच मोज. गाइडशी बोलण्याआधी टाक्यांचा आराखडा मला पाठव, रविवारी दुपारी बसून बघते. बाबांनी तुझे बूट कुरियर केलेत.

तुझी आई